पूर्वजांच्या कबरी कां शोधाव्या?

आमच्या भागांतील एका उपदेशकबंधूनें मला मागें एक प्रश्न विचारिला होता. तो म्हणाला, "पाळकसाहेब, आपल्या लोकांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां श्राद्ध सोडलें, म्हाळ सोडला, पितरांच्या नांवानें पान वाढणें सोडलें. आतां त्यांचींच नातवंडें-पतवंडें पुण्यामुंबईहून गाड्या करून येतात, कबरस्तानांतलें गवत बाजूला सारून पणजोबांचें नांव शोधितात, फुलें ठेवितात, फोटो काढितात. जें सोडलें तेंच पुन्हां हातीं धरण्यासारखें हें नव्हे काय?"

त्या वेळीं "श्राद्ध वेगळें आणि स्मरण वेगळें" एवढें म्हणून मीं त्याची बोळवण केली. त्याचें समाधान झालें नाहीं. खरें सांगावयाचें तर माझेंही झालें नाहीं. पुढें माझ्याच हातून ह्या बाबतींत एक चूक घडली, व तिनें मला ह्या प्रश्नाचा नीट विचार करावयास लाविलें. तो विचार ह्या पत्राच्या वाचकांपुढें ठेवितों, चूकही ठेवितों.

प्रथम उपदेशकबंधूची शंका घेऊं. श्राद्ध करणारा मनुष्य असें समजतो कीं, मृताला आपणांकडून कांहीं पाहिजे आहे. पिंड मिळाला नाहीं तर त्याची गति अडेल. आपला विश्वास असा नाहीं. प्रभूमध्यें निजलेला मनुष्य आपल्या हातच्या घांसाची वाट पाहत नाहीं, आणि आपण ठेविलेल्या फुलांनीं त्याचा न्याय बदलत नाहीं. म्हणून कबरीवर दिवा लावणें, नैवेद्य ठेवणें, नवस बोलणें ह्यांविरुद्ध आपल्या वडीलधाऱ्यांनीं जो कडक नियम केला तो योग्यच होता व आजही योग्यच आहे. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. श्राद्धामध्यें बाप, आजा व पणजा अशा तीन पिढ्यांचीं नांवें घ्यावीं लागतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यानुपिढ्या लिहिलेल्या सांपडतात. दक्षिण महाराष्ट्रांत व कर्नाटकांत तर हेळवी लोक गांवोगांव फिरून घराण्यांच्या वंशावळी वाचून दाखवीत आले आहेत. आमची स्थिति पाहा. आमच्या शब्बाथशाळेंतील मुलांनीं अब्राहामापासून दाविदापर्यंतच्या पिढ्या मला एका दमांत म्हणून दाखविल्या. मग मीं प्रत्येकास त्याच्या आजोबांच्या बापाचें नांव विचारिलें. तेवीस मुलांपैकीं दोघांस सांगतां आलें. श्राद्ध सोडलें हें बरें केलें. पण त्याबरोबर नांवेंही सोडावीं असें आम्हांस कोणी सांगितलें होतें?

पवित्र शास्त्र ह्या बाबतींत दोन्ही बाजूंनीं बोलतें. पौलानें तीमथ्याला व तीताला वंशावळींच्या वादांत न पडण्याची सूचना दिली आहे. संदेष्ट्यांच्या कबरी बांधून शृंगारणाऱ्या शास्त्री-परूशांस प्रभूनें किती कडक शब्द लाविले, हें सर्वांस ठाऊक आहे. मलकीसदेकाला तर बाप नाहीं, आई नाहीं, वंशावळ नाहीं. तरी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत तोच ख्रिस्ताचा नमुना ठरला आहे. आणि दुसऱ्या बाजूस पाहावें तर नव्या कराराचें पहिलें पानच वंशावळीनें सुरू होतें. अब्राहामाला साऱ्या कनान देशाचें वचन मिळालें होतें. परंतु त्या देशांत त्यानें रोख पैका मोजून जी जमीन घेतली ती सारेच्या कबरीची. मखपेलाची गुहा एफ्रोन हित्ती फुकट देऊं करीत असतां त्यानें वेशींत, साक्षीदारांसमक्ष, चारशें शेकेल रुपें तोलून दिलें. आपल्या मृतांस दुसऱ्याच्या मेहेरबानीवर ठेवावयाचें नाहीं, असें त्याच्या मनांत असावें. आपल्या कबरस्तानांच्या जागेवरून झालेले कज्जे ज्या मंडळ्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हा अध्याय समजावून सांगावा लागत नाहीं. शिवाय, त्याच उत्पत्तीच्या पुस्तकांत रिबकेची दाई दबोरा बेथेलजवळ मेली, तेव्हां तिला एका झाडाखालीं पुरून त्या झाडाला शोकाचें नांव दिलें, असें लिहिलें आहे. घरांतील एक चाकर बाई. पण तिची कबर कोठें आहे हें शास्त्रानें सांगून ठेविलें. मोशेची कबर मात्र कोणासही ठाऊक नाहीं.

ह्यावरून मला असें वाटतें कीं, पूर्वजांस शोधण्याला शास्त्राची मनाई नाहीं. आपण त्यांस कशासाठीं शोधितों, हें मात्र तें वारंवार विचारितें.

आतां आमच्या कबरस्तानांकडे वळूं. मुंबईंत अमेरिकन मिशनचें काम १८१३ सालीं सुरू झालें व अहमदनगरास १८३१ सालीं. पहिल्या मिशनरींपैकीं गॉर्डन हॉल हे १८२६ च्या मार्च महिन्यांत नाशिककडील दोडी-दापूर येथें पटकीनें वारले. सिंथिया फॅरारबाईंनीं मुलींच्या शाळांत आयुष्य वेंचून १८६२ सालीं नगर येथें देह ठेविला. अशा परदेशी मंडळींच्या कबरींवर बहुधा घडीव दगड असतो, त्यावर नांव व तारीख खोदलेली असते. त्यांच्या वंशजांस शोध करणेंही तितकें कठीण नाहीं. मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मे, लग्नें व दफनें ह्यांच्या, मुख्यतः युरोपियनांच्या, १७०९ पासूनच्या नोंदींच्या प्रती लंडनमधील ब्रिटिश लायब्ररींत जपून ठेविल्या आहेत. अमेरिकन बोर्डाचीं जुनीं पत्रें हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयांत आहेत. आणि हिंदुस्थानांतील जुन्या युरोपियन कबरस्तानांची देखरेख व्हावी म्हणून १९७६ सालीं विलायतेंत एक संस्थाही निघाली.

आमच्या लोकांच्या कबरी म्हणजे मातीचा उंचवटा, कडेनें धोंडे, आणि डोक्याशीं एक उभा दगड. पांचसहा पावसाळ्यांत उंचवटा बसतो, धोंडे कोणीतरी शेताच्या बांधाला नेतो, आणि उभा दगड आडवा होतो. ह्यांत मृतांविषयीं अनादर नव्हता. ज्या घरांत जोंधळा पुरत नव्हता त्या घरानें पाथरवटाला काय द्यावें?

म्हणून आमच्यांपैकीं ज्याला पूर्वज शोधावयाचा असेल त्यानें आधीं वहीकडे जावें, मग कबरस्तानाकडे. बाप्तिस्म्याच्या जुन्या वहींत पहिलें नांव, नवें नांव, आईबाप, गांव, अंदाजें वय व बाप्तिस्मा देणाऱ्याचें नांव हीं बहुधा मिळतात. पूर्वीचें नांव एक, बाप्तिस्म्याचें दुसरें, आणि आडनांव पुढें शाळेच्या मास्तरानें गांवावरून लाविलेलें तिसरें, असा प्रकार असल्यामुळें नुसत्या आडनांवावर शोध करणारा हटकून फसतो. १८४२ पासून निघत आलेल्या 'ज्ञानोदया'च्या जुन्या अंकांतील मृत्युलेखही पाहावे. कबरस्तानांत दफनें बहुधा रांगेनें झालेलीं असतात. एका दगडावरील तारीख लागली म्हणजे शेजारच्या बिननांवाच्या कबरींचा काळ अजमावतां येतो. झिजलेलीं अक्षरें वाचावयाचीं तर सकाळचें तिरपें ऊन पडेल तेव्हां जावें. दगड खरवडूं नये, त्यावर तेजाब ओतूं नये. मीं पाहिलेल्या एका दगडावरचीं अक्षरें ऊनपावसानें नव्हे, तर एका श्रद्धाळू नातवाच्या तारेच्या ब्रशानें नाहींशीं केलीं आहेत. आणि गांवांतील सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारल्यावांचून परत येऊं नये.

इतकें करूनही एका जागीं वही संपते, म्हणजे जेथें ती सुरू होते तेथें. त्यापूर्वींचे आमचे मृत गांवकुसाबाहेर, ओढ्याच्या कांठीं, कोठें कोठें निजले आहेत. त्यांच्या जागेवर आतां बाभळी आहेत किंवा कोणाचें तरी शेत आहे. आमच्यांत असें मानणारे पुष्कळ आहेत कीं, बाप्तिस्म्याच्या दिवशींच घराणें सुरू झालें, त्याच्या मागें जें होतें तो अंधार, त्याचें नांवही काढूं नये. मला हें मान्य नाहीं. यहोशवानें आपल्या अखेरच्या भाषणांत इस्राएल लोकांस स्पष्ट आठवण दिली कीं, तुमचे पूर्वज नदीपलीकडे राहून दुसऱ्या देवांची सेवा करीत होते. तेरह हा मूर्तिपूजक होता हें त्यानें लपविलें नाहीं, आणि तेरह आमचा कोणी नव्हे असेंही म्हटलें नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतों.

आमच्या मंडळ्यांत एक दुखणें आहे, आणि तें वाचकांस माझ्याइतकेंच माहीत आहे. कोणत्याही घरीं जेवावयास बसा, कोणीतरी सांगेल, "आमचे पणजोबा मूळचे ब्राह्मण बरें का," किंवा "आमची पाटीलकी होती, ती प्रभूसाठीं सोडली." हरिपंत ख्रिस्ती ह्यांचा बाप्तिस्मा १८३९ सालीं झाला, नारायण वामन टिळकांचा १८९५ सालीं, ह्या गोष्टी सर्व जगाला कळल्या, कारण उच्च वर्णांतील एक मनुष्य आला तरी मिशनरी मंडळी आनंदानें दूरवर कळवीत असत. घरोघरीं सांगतात तितके ब्राह्मण व पाटील खरोखरच आले असते, तर अहवाल लिहिणारांनीं तें गुपित ठेविलें नसतें. नगर जिल्ह्यांतील आमच्या मंडळ्या मुख्यत्वें महार व मांग बांधवांतून उभ्या राहिल्या. ज्यांस विहिरीवर पाणी भरूं देत नसत, त्यांनीं आपलीं मुलें शाळेंत घातलीं व देवळें बांधिलीं. ह्यापेक्षां मोठी कोणती पाटीलकी आपणांस पाहिजे आहे, तें मला समजत नाहीं. तरी ती पाहिजे असते. कबरस्तानांत येणारांपैकीं कित्येकजण पूर्वजाला शोधावयास येत नाहींत. त्यांस पाहिजे तसा पूर्वज त्यांनीं आधींच ठरविलेला असतो, आणि तो उतरवून ठेवावयास ते दगड शोधितात.

तीन वर्षांपूर्वीं एक तरुण गृहस्थ आपली पत्नी व लहान मुलगी ह्यांस घेऊन माझ्याकडे आले. नोकरी चांगली, बोलणें नम्र. पणजोबा आमच्या कबरस्तानांत आहेत हें त्यांस ठाऊक होतें. कबरही सांपडली, कारण डोक्याशीं असलेल्या दगडावर नांव पुसट वाचतां येत होतें. त्यांस तेथें काळ्या दगडाची नवी पाटी बसवावयाची होती. पाटीवरचा मजकूर त्यांनीं लिहून आणिला होता. त्यांत एक ओळ अशी होती कीं, ह्या पुरुषानें ख्रिस्तासाठीं पाटीलकीच्या वतनाचा त्याग केला. "वहींत गांवाचें नांव मिळालें तर तेंही घालूं," असें ते म्हणाले. कबरस्तानाच्या पडक्या भिंतीसाठीं मदत करण्याचेंही त्यांनीं आपण होऊन कबूल केलें.

मीं कपाट उघडून वही काढिली. नोंद सांपडण्यास वेळ लागला नाहीं. १९०० सालच्या दुष्काळांतील ती नोंद होती. दुष्काळी कामावरून एक बाई सहाएक वर्षांच्या मुलाला घेऊन मिशनच्या दारीं आली. तिसऱ्या दिवशीं ती पटकीनें मेली व तिला पुरलें. मुलगा जगला. बाप माहीत नाहीं, गांव माहीत नाहीं. बाई खडी फोडण्याच्या कामावर होती, व जात मांग असावी असें मुकादमाचें म्हणणें, इतकें लिहून पुढें मुलाला दिलेलें नांव होतें. तेंच नांव बाहेर दगडावर होतें.

मीं वही मिटली आणि म्हणालों, "त्या सालचीं पानें वाळवीनें खाल्लीं आहेत."

असें मीं कां केलें? त्या क्षणीं मला वाटलें कीं मी दया करीत आहें. एका सुखी कुटुंबाच्या मनांतील अभिमान मोडून काय मिळवावयाचें? मुलगी जवळच उभी होती. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर दुसरीं कारणें दिसूं लागलीं. पडक्या भिंतीचा माझ्या उत्तराशीं कांहीं संबंध नव्हता, असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. आणि त्याहून खोल एक गोष्ट होती. ती नोंद मोठ्यानें वाचावयाची मला लाज वाटली. माझ्या स्वतःच्या आजीची हकीकत तिच्याहून फार निराळी नाहीं. दुसऱ्याची लाज झांकतों असें म्हणत मी आपलीच झांकीत होतों.

नवी पाटी बसली. त्या महिन्यापासून प्रत्येक दफनाच्या वेळीं मी तिच्यावरून जातों. आमच्या येथें कबर खणणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांच्या घराण्यांत हें काम तीन पिढ्या चालत आलें आहे. त्यांनीं एके दिवशीं फावडें टेकून मला विचारलें, "पाळकसाहेब, आमच्या आज्यानं सांगितलेलं, हितं दुष्काळातली पोरकी पोरं हायेत. मग ह्यो पाटील कवा झाला?" मीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. एका खोट्याला दुसरें जोडलें गेलें, तें असें.

ह्या ठिकाणीं कोणी विचारील, आणि विचारणें योग्य आहे, कीं वहींतलें प्रत्येक सत्य सांगितलेंच पाहिजे काय? नाहीं. मंडळीच्या दप्तरांत शिस्तीच्या नोंदी असतात. कोणाला दारूसाठीं प्रभुभोजनापासून दूर ठेविलें, कोणाचें लग्न कसें मोडलें, हें त्यांत आहे. ज्यांनीं पश्चात्ताप केला त्यांचीं पापें वही उघडून नातवंडांस दाखविणें हें पाळकाचें काम नव्हे. ज्या गोष्टीनें आज हयात असलेल्या मनुष्याला इजा होईल तीही तो जपून ठेवील. पण कोणी कोणाच्या पोटीं जन्म घेतला, हें पाप नव्हे, कीं झांकावें. दुष्काळांत उपाशी असणें हें पाप नव्हे. मांग असणें हें पाप नव्हे. मीं ती नोंद लपविली तेव्हां, हीं पापें आहेत असें मीं न बोलतां कबूल केलें. आणि व्यासपीठावरून मी वीस वर्षें त्याच्या उलट सांगत आलों आहें.

आणखी एक गोष्ट मला उशिरां दिसली. माझ्या खोट्यानें सर्वांत मोठा अन्याय त्या तरुणावर झाला नाहीं, त्याच्या पणजोबांवरही झाला नाहीं. तो त्या बाईवर झाला. ती कोठून तरी चालत आली. अंगांत पटकी असतां मुलाला घेऊन आली. आणि त्याला सुरक्षित दारीं पोंचवून तिसऱ्या दिवशीं मेली. त्या घराण्यांतील आजच्या सर्व माणसांचा जीव त्या चालण्यावर लटकला होता. तिचा मुलगा पाटील होऊन, वतन सोडून, आपल्या पायांनीं ख्रिस्ताकडे आला असेल, तर ही बाई कधीं नव्हतीच.

अशा बायका आमच्या इतिहासांत पुष्कळ आहेत. पंडिता रमाबाई विद्वान ब्राह्मण घराण्यांतल्या. तरी दुष्काळाच्या दिवसांत भटकंतींत त्यांची आई वारली तेव्हां तिरडीला खांदा देण्यास माणसें मिळेनात, व रमाबाईंस स्वतः ती उचलावी लागली, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. रमाबाईंची कबर केडगांवास आहे. १९२२ पासून लोक तेथें जातात. त्यांच्या आईची कोठेंच नाहीं. रमाबाईंनीं पुढें दुष्काळांतून ज्या शेंकडों मुली मुक्तींत आणिल्या, त्यांच्या आईबापांचेंही तेंच.

नाशिकजवळ शरणपूर येथें चर्च मिशनरी सोसायटीच्या वस्तींत गेल्याच्या मागील शतकांत आफ्रिकेंतील कांहीं मुलें वाढलीं. गुलामांच्या व्यापाऱ्यांनीं त्यांस लहानपणींच पळवून नेलें होतें. इंग्रजी आरमारानें सोडवून त्यांस इकडे पाठविलें. त्यांपैकीं याकोब वेनराइट हा पुढें डॉक्टर लिव्हिंगस्टन ह्यांच्या शोधयात्रेंत जाऊन मिळाला. १८७३ च्या मे महिन्यांत लिव्हिंगस्टन आजच्या झांबिया देशांत चितांबो नांवाच्या सरदाराच्या गांवीं वारले. त्यांच्या माणसांनीं त्यांचें हृदय एका झाडाखालीं पुरलें, तेव्हां प्रार्थना वाचिली ती ह्या याकोबानें, आणि झाडाच्या खोडावर नांव व तारीख कोरली तीही त्यानेंच. नंतर त्यांनीं तो देह महिनोन्महिने वाहून समुद्रकांठीं आणिला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर मठांत त्याचें दफन झालें तेव्हां याकोब तेथें हजर होता. स्वतःच्या बापाची कबर ज्याला कधीं पाहावयास मिळाली नाहीं, अशा मुलानें शरणपुरांत शिकलेलीं अक्षरें परक्याचें नांव राहावें म्हणून कोरलीं. मी हें वाचिलें तेव्हां आपल्या कपाटांतील वहीकडे मला पाहवेना.

इस्राएल लोकांस मोशेनें एक नियम लावून दिला होता. पहिल्या पिकाची टोपली घेऊन मनुष्य याजकापुढें उभा राहिला म्हणजे त्यानें आधीं आपला पूर्वज कोण होता हें सांगावयाचें. तो कोणी राजा नव्हता. तो एक भटकणारा अरामी होता, मिसरांत थोड्या माणसांनिशीं गेला, तेथें त्याच्या वंशजांस दास्य भोगावें लागलें, असें भरल्या टोपलीसह, पुष्कळांदेखत म्हणावयाचें. शेतांत पीक आल्यावर मनुष्य हेंच विसरावयास लागतो, हें मोशेला ठाऊक असावें. मत्तयानेंही प्रभूची वंशावळ लिहितांना सारा व रिबका ह्यांचीं नांवें सोडून तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको ह्यांसच तींत घातलें. वाळवीचें निमित्त त्याला सुचलें नाहीं. आणि एज्राच्या वेळीं ज्या याजकांस आपली वंशावळ वहींत सांपडली नाहीं, त्यांचें याजकपण थांबलें. पण यरुशलेमेस परतणाऱ्या लोकांच्या यादींतून त्यांस कोणी काढिलें नाहीं. ते इतरांबरोबर चालत घरीं गेले.

गेल्या वर्षीं उपवासाच्या दिवसांत मीं ती नोंद आपल्या हातानें उतरून घेतली, खालीं सही केली, व सोबत पत्र लिहिलें कीं, पानें वाळवीनें खाल्लेलीं नाहींत. मीं तुम्हांस खोटें सांगितलें. मला क्षमा करावी. पत्र रजिस्टर करून पाठविलें. उत्तर आलें नाहीं. भिंतीची मदतही आली नाहीं, व ती मागण्याचें तोंड मला राहिलें नव्हतें. पाटीवरील ओळ अजून तशीच आहे. ती ज्यांनीं बसविली त्यांच्या परवानगीवांचून ती काढणें मला योग्य वाटत नाहीं.

नाताळानंतरच्या आठवड्यांत एक वृद्ध गृहस्थ एस.टी.नें एकटेच आले. त्या तरुणाचे ते वडील. चहा घेईपर्यंत इकडचें तिकडचें बोलले. मग म्हणाले, "मुलगा रागावलाय, पाळकसाहेब. पाटीलकीचं मीच त्याला लहानपणी सांगितलं, माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं. त्याचा राग निवळेल तेव्हा निवळेल. मला ती जागा दाखवा."

मीं त्यांस निवडुंगाच्या कुंपणालगतची दुष्काळांतली रांग दाखविली. "त्या महिन्यांत येथें एकतीस माणसें पुरलीं, बाबा," मीं म्हटलें. "त्यांतली त्यांची कोणती, हें वहींत नाहीं."

त्यांनीं वहाणा काढून ठेविल्या. थोड्या वेळानें विचारलें, "नाव?"

"नांव कळलें नव्हतें. 'मुलाची आई' इतकेंच लिहिलें आहे."

त्यांनीं पिशवींतून घडी केलेला कागद काढिला. कुटुंबाची वंशावळ होती. मुलानें तयार करून दिलेली असावी, कारण रेघा पट्टीनें ओढलेल्या होत्या. आजोबांच्या नांवाच्या वर पाटलाचें एक नांव होतें. त्यावर त्यांनीं पेन्सिलीनें काट मारली, आणि शेजारीं सावकाश ते दोन शब्द लिहिले. परतीची गाडी साडेतीनला होती. तोंवर आम्ही दोघांनीं त्या रांगेंतलें गवत काढिलें.